मोटार वाहन चलान व न्यायालयीन प्रक्रिया (जळगाव व धुळे जिल्हे)

मोटार वाहन कायद्यातील एखाद्या तरतुदीचा भंग झाल्याचा आरोप ठेवून पोलीस किंवा परिवहन विभाग वाहनचालकाला अथवा वाहनमालकाला जी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना देतो, तिला चलान म्हणतात. चलान हा न्यायालयाचा निकाल नसतो. त्यात एक आरोप असतो आणि बहुतेक वेळा ठरावीक रक्कम भरून प्रकरण तेथेच मिटविण्याची मुभा असते. ही मुभा स्वीकारावी की न्यायालयापुढे बाजू मांडावी, हे ठरविण्याचा अधिकार आरोप असलेल्या व्यक्तीकडे असतो. खानदेशातील जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतून आंतरराज्य महामार्ग जात असल्यामुळे स्थानिक रहिवाशांबरोबरच दूरच्या राज्यांतील ट्रकचालकांचाही या प्रक्रियेशी नित्य संबंध येतो.

शब्दाचा अर्थ

‘चलान’ हा शब्द हिंदुस्थानीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘पाठवणी’ असा आहे. मालाबरोबर पाठवायचे कागदपत्र ते चलान, आणि आरोपीला दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे म्हणजे त्याचे चलान करणे. मराठीत कोषागारात किंवा बँकेत पैसे भरण्याच्या कागदाला ‘चलन’ म्हणण्याचा प्रघात असल्याने वृत्तपत्रांतून ‘ई-चलन’ असे रूपही आढळते. बोलीत मात्र ‘पावती फाडणे’ हाच वाक्प्रचार रूढ आहे. या वाक्प्रचाराने एक गैरसमज पक्का केला आहे: पावती फाटली म्हणजे दंड ठरला, आता बोलायला जागा नाही. ‘पाठवणी’ हा जुना अर्थ कायद्यातील स्थितीच्या अधिक जवळ आहे. प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते, एवढेच चलान सांगते. आरोप सिद्ध झाला असे ते सांगत नाही.

महामार्ग आणि परिसर

सुरत–नागपूर महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना क्रमांक ६) साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ आणि मुक्ताईनगर या गावांवरून पूर्वेकडे जातो. मुंबई–आग्रा मार्ग (जुना क्रमांक ३) धुळ्यात त्याला छेद देतो. फेररचनेनंतर या मार्गाचा धुळ्याच्या उत्तरेकडील शिरपूर–सेंधवा भाग राष्ट्रीय महामार्ग ५२ मध्ये आणि मालेगाव–नाशिककडील भाग ६० मध्ये गणला जातो. धुळ्याहून चाळीसगाव, कन्नडमार्गे सोलापूरकडे जाणारा रस्ताही (जुना क्रमांक २११) आता महामार्ग ५२ चाच भाग आहे.

जळगाव शहर या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वाढले. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेपलीकडे बांभोरीजवळ याच रस्त्यावर असल्याने विद्यार्थ्यांच्या दुचाक्या आणि लांब पल्ल्याचे कंटेनर दीर्घकाळ एकाच रस्त्यावरून धावत आले. समांतर रस्त्यांची मागणी ही शहरातील जुनी मागणी आहे. तरसोद–फागणे चौपदरीकरणात पाळधी ते तरसोद या वळणरस्त्याचा समावेश करण्यात आला तो शहरातील अवजड वाहतूक बाहेर काढण्यासाठीच.

या रस्त्यांवरील मोठे अपघात पाहिले म्हणजे चलानामागील कलमांचे गांभीर्य लक्षात येते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी यावल तालुक्यात किनगावजवळ पपई वाहून नेणारा ट्रक उलटून किमान पंधरा मजूर मृत्युमुखी पडले. ते मालवाहू वाहनातून प्रवास करीत होते. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे घाट उतरून आलेला ट्रक इतर वाहनांना धडक देत रस्त्यालगतच्या हॉटेलात शिरला. त्यात किमान दहा जणांचा मृत्यू झाला.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढल्या आणि त्यांपैकी बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्र शासनाने त्या वेळी वाढीव रकमांना आक्षेप घेऊन तडजोडीचे नवे दर लागू करण्याचे लांबणीवर टाकले. नवे दर डिसेंबर २०२१ मधील अधिसूचनेने आले.

येथे दोन वेगळ्या रकमांची गल्लत होते. कायद्यात लिहिलेला दंड न्यायालय ठोठावू शकते. ‘तडजोड शुल्क’ हे कलम २०० खाली राज्य शासन ठरविते आणि शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी ते स्वीकारतो. दोन्ही आकडे सारखे असतीलच असे नाही. अधिनियमानुसार विना परवाना वाहन चालविल्यास ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही (कलम १८१), हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड व तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता (१९४-ड), सीटबेल्ट नसल्यास १,००० रुपये (१९४-ब), वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये (१८३), तर पहिल्यांदा विमा नसल्याचे आढळल्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही (१९६) अशा तरतुदी आहेत.

प्रत्येक गुन्हा तडजोडीने मिटत नाही. मद्यप्राशन करून वाहन चालविणे (१८५) हा गुन्हा रस्त्यावर मिटविता येत नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि आरोपीला न्यायालयापुढेच जावे लागते. धोकादायक वाहन चालविण्याच्या कलम १८४ पैकी केवळ मोबाइलसारखे उपकरण हातात धरून वापरण्याचा भाग तडजोडयोग्य आहे.

तडजोड शुल्क भरल्यावर त्या प्रकरणात पुढे खटला चालत नाही. तथापि पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास आधीची तडजोड ‘पहिला गुन्हा’ म्हणून धरली जाते आणि शिक्षा वाढते. शिवाय अतिवेग, हेल्मेट, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा काही गुन्ह्यांत पोलीस अधिकारी कलम २०६ खाली परवाना ताब्यात घेऊन अपात्रतेच्या कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो, आणि शुल्क भरल्याने ही कारवाई टळत नाही. ‘पैसे भरले की विषय संपला’ ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

याच अधिनियमातील कलम २१०-ब फारसे कोणाला ठाऊक नसते. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच गुन्हा केल्यास त्याला त्या गुन्ह्याच्या दुप्पट शिक्षा होते.

रस्त्यावरील तपासणी

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने परवाना दाखविणे बंधनकारक आहे (कलम १३०). केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१८ च्या दुरुस्तीनंतर परवाना, नोंदणी, विमा इत्यादी कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविली तरी ती ग्राह्य असतात. मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्र मात्र या व्याख्येत बसत नाही. परवाना ताब्यात घेतल्यास पोचपावती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असून ती पावती मुदतीपर्यंत परवान्याच्या जागी चालते. नोंदणी, परवाना किंवा अनुज्ञप्तीपत्र नसलेले वाहन कलम २०७ खाली अडकवून ठेवता येते.

ई-चलान

महाराष्ट्रात चलान आता यंत्राद्वारे किंवा कॅमेऱ्याच्या साहाय्याने काढले जाते आणि त्याचा संदेश नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर जातो. कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा ओळखत नाही. त्यामुळे हे चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. खानदेशात मुद्रांक कागदावर लिहून दुचाकी विकण्याची पद्धत अजूनही आढळते. अशा व्यवहारात नोंदणी बदललेली नसल्याने विकलेल्या गाडीचे चलान वर्षानुवर्षे जुन्या मालकाकडे येत राहते. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. चलान ही यातील लहान अडचण आहे. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ घातला. त्यानुसार यंत्राला राज्याच्या नियुक्त प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नूतनीकृत झालेले असावे, आणि कॅमेरा असलेल्या रस्त्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा. चलानासोबत गुन्हा व वाहन क्रमांक दाखविणारे छायाचित्र, वेगमापकाची नोंद, दिनांक, वेळ, स्थळ आणि भंग झालेली तरतूद यांचा उल्लेख हवा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठविण्याची अट या नियमात घालण्यात आली. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील धोकादायक टप्पे आणि देशातील १३२ शहरांतील प्रमुख चौक येथे अशी यंत्रे बसवावीत, असा या नियमाचा रोख होता. त्या यादीतील महाराष्ट्राच्या १९ शहरांत जळगाव आहे, धुळे नाही.

चलान हाती आल्यावर छायाचित्र नीट पाहणे ही पहिली पायरी होय. क्रमांकातील एखादा अंक चुकीचा वाचला गेल्यास किंवा बनावट क्रमांकपट्टी वापरली गेल्यास दुसऱ्याच गाडीचे चलान येऊ शकते. अशी तक्रार राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ या ॲपवर, तसेच संबंधित वाहतूक शाखेत लेखी करता येते. तक्रारीसोबत आपल्या वाहनाचे छायाचित्र व नोंदणीपत्र जोडणे उपयुक्त ठरते.

चलानाच्या नावाखाली फसवणूकही चालते. व्हॉट्सॲपवर ‘चलान पाहण्यासाठी’ म्हणून येणारी एपीके फाइल उघडल्यास मोबाइलचा ताबा व बँक खात्याची माहिती परक्याच्या हाती जाऊ शकते. खऱ्या शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो, आणि शासन ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवीत नाही.

न्यायालयाकडे प्रवास

तडजोड शुल्क न भरल्यास प्रकरण न्यायालयाकडे जाते. ज्या हद्दीत गुन्हा घडला, तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ते चालते. त्यामुळे एकाच महामार्गावर काही किलोमीटरच्या अंतराने न्यायालय बदलते. पारोळ्याचे प्रकरण पारोळ्याला आणि एरंडोलचे एरंडोलला जाते. धुळे जिल्ह्यात सोनगीर व लळिंग धुळे तालुक्यात येतात, नरडाणा शिंदखेडा तालुक्यात आणि पळासनेर शिरपूर तालुक्यात. जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

किरकोळ गुन्ह्यांसाठी अधिनियमातील कलम २०८ मध्ये सोपी वाट ठेवलेली आहे. न्यायालय समन्समध्येच कळविते की आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे, अथवा दिलेल्या तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून नमूद रक्कम पाठवावी. आभासी न्यायालय हे याच कल्पनेचे पुढचे पाऊल होय. वाहतूक चलानांसाठी महाराष्ट्राचे असे न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथे सुरू झाले; तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ‘न्याय कौशल’ या ई-संसाधन केंद्राबरोबर त्याचे उद्घाटन झाले. तेथे न्यायाधीश पडद्यावर प्रकरण पाहून दंडाची रक्कम ठरवितात आणि आरोपीला संदेशाने समन्स मिळते. मोबाइल, वाहन किंवा चलान क्रमांक टाकून प्रकरण शोधता येते. त्यापुढे दोन पर्याय असतात: दंड भरणे किंवा आरोप अमान्य करणे.

आरोप अमान्य केल्यास प्रकरण आभासी न्यायालयातून निघून हद्दीच्या नियमित न्यायालयाकडे वर्ग होते. पंजाब किंवा हरियाणातील चालकाला सोनगीरजवळ मिळालेल्या चलानाविरुद्ध लढायचे असेल, तर त्याला धुळ्याच्या न्यायालयात यावे लागते. चोपड्याच्या शेतकऱ्याला पुण्यात काढलेल्या चलानासाठी पुणे गाठावे लागते. पाचशे-हजार रुपयांच्या चलानासाठी प्रवास, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च दंडाहून कितीतरी अधिक होतो. निर्दोष असूनही माणसे पैसे भरून मोकळी होतात, यामागे हे साधे गणित आहे. तंत्रज्ञानाने दंड भरण्याचा रस्ता सोपा केला. दाद मागण्याचा रस्ता तितका सोपा झालेला नाही. हजेरीतून सूट मागून वकिलामार्फत काम चालविण्याची विनंती न्यायालयाला करता येते, आणि वाहतुकीच्या प्रकरणांत ही विनंती अवाजवी मानण्याचे कारण नाही.

बचावाचे मुद्दे

अतिवेग (१८३) व धोकादायक वाहन चालविणे (१८४) या गुन्ह्यांसाठी कलम २०९ मध्ये एक संरक्षण आहे. गुन्हा घडताना खटल्याची पूर्वसूचना दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत नोटीस अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. अन्यथा दोषी ठरविता येत नाही. वाजवी प्रयत्न करूनही आरोपीचे नाव-पत्ता मिळू शकला नाही, किंवा विलंब आरोपीच्याच वर्तनामुळे झाला, तर हे संरक्षण लागू होत नाही.

दुसरा मुद्दा मुदतीचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८) केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय सामान्यतः घेऊ शकत नाही. एक वर्षापर्यंत कारावासाच्या गुन्ह्यासाठी ही मुदत एक वर्ष आहे. तक्रार न्यायालयात कधी दाखल झाली ती तारीख येथे महत्त्वाची; न्यायालयाने दखल कधी घेतली ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरविले. विलंबाचे समाधानकारक कारण असल्यास न्यायालय मुदत वाढवूही शकते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या चलानाची नोटीस आल्यास ते प्रकरण न्यायालयात कधी दाखल झाले, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. मात्र हा मुद्दा न्यायालयापुढेच मांडावा लागतो. घरी बसून चलान ‘कालबाह्य’ ठरत नाही.

गुन्हा कबूल केल्यावर शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते. कबुलीजबाब देण्यापूर्वी विचार करावा लागतो तो यासाठी.

लोकअदालत

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली भरणारी राष्ट्रीय लोकअदालत साधारणतः वर्षातून चार वेळा होते. तिचे नियोजन जळगाव व धुळे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि तालुका विधी सेवा समित्या करतात. प्रलंबित ई-चलानधारकांना दाखलपूर्व प्रकरणे म्हणून नोटिसा पाठविल्या जातात.

लोकअदालतीत निकाल लागत नाही, समझोता होतो. दोन्ही पक्ष मान्य असतील तरच निवाडा होतो आणि तो अंतिम असतो. त्यावर अपील नाही. तेथे गेल्यास रक्कम आपोआप अर्धी होते, असा समज प्रचलित असला तरी कायद्यात तशी कोणतीही तरतूद नाही. तडजोडयोग्य नसलेला गुन्हा, उदाहरणार्थ मद्यप्राशनाचा, लोकअदालतीच्या कक्षेबाहेर आहे. समझोता न झाल्यास प्रकरण पूर्वस्थितीत राहते, आणि नोटीस मिळूनही न गेल्याने कोणी दोषी ठरत नाही.

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, बालके, ताब्यात असलेल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. सातपुड्यालगतच्या शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील आदिवासी मजुरांना यात उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

मालवाहतूक

रावेर-यावलची केळी उत्तर भारतात जातात आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की दोन्ही जिल्ह्यांत गाड्या कडेपर्यंत फुगलेल्या दिसतात. कलम १९४ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. वजन मर्यादेत असले तरी माल बाजूला, मागे किंवा उंचीत बाहेर आल्यास २०,००० रुपये दंड होतो. कापसाच्या गाड्यांना लागते ती बहुधा ही तरतूद. वजनासाठी थांबण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये आहे.

मालवाहू वाहनातून माणसे नेण्याचा परिणाम चलानापुरता मर्यादित राहत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याव्यतिरिक्त इतर प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरविले. वाहनावर कामास असलेल्या कामगारांसाठी वेगळी, मर्यादित तरतूद आहे. म्हणजे ट्रकमध्ये बसलेला परका मजूर दगावल्यास त्याच्या कुटुंबाला वाहनमालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहावे लागते.

चाळीसगाव–कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटात औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ पासून अवजड वाहनांना बंदी घालण्यात आली. (घाटाला ज्यांचे नाव आहे, त्या जेम्स औट्रम यांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली होती.) अशा बंदीचा भंग हाही चलानाचा विषय होतो.

अल्पवयीन चालक

शिकवणीला जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या हाती दुचाकी देणे ही शहरांत सर्वसामान्य बाब झाली आहे. पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी सोळा आणि इतर दुचाकींसाठी अठरा ही वयोमर्यादा आहे. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्या नकळत वाहन नेले गेले किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही.